न लावलेला हेडफोन

मी मुलाखतींचं शब्दांकन करते. कुणीतरी कुणाशी दोन तास बोलतं, त्याचं रेकॉर्डिंग माझ्याकडे येतं, आणि मी ते थांबवत, मागे नेत, पुन्हा ऐकत टाइप करते. त्याआधीची वीस-बावीस वर्षं मुद्रितशोधनात गेली, अजूनही ते काम अधूनमधून असतंच. थोडक्यात, समोर लिहिलेलं अक्षर न् अक्षर वाचणं यावर माझं पोट चालतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझी जी शोभा झाली ती नेमकी इथेच.

झालं असं, की नेहमीच्या लॅपटॉपचा स्क्रीन गेला. दुरुस्तीला आठवडा लागणार, आणि एक मुलाखत शुक्रवारी द्यायची होती. कपाटाच्या वरच्या खणात जुना लॅपटॉप होता, २०१४ सालचा. चार जीबी रॅम, बिजागरी सैल, बॅटरी नावालाच. भाच्याने मागे कधीतरी त्यावर विंडोजऐवजी लिनक्स मिंट २२ टाकून दिलं होतं, जुन्या मशीनला झेपावं म्हणून एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपवालं. धूळ पुसून चालू केला. वायफाय आलं. मराठी कीबोर्ड आला, जोडाक्षरं नीट उमटली. वा, म्हटलं. फाइल उघडली आणि प्लेचं बटण दाबलं.

शांतता.

व्हीएलसी या प्लेअरचा काटा पुढे सरकत होता, सेकंद मोजले जात होते. आवाज शंभरवर नेला, मग सव्वाशेवर. कान स्पीकरच्या जाळीला लावला. खरखर नाही, गुणगुण नाही. लॅपटॉप ढिम्म.

कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावरून ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ उघडलं. त्यात चालू असलेल्या प्रत्येक आवाजाच्या नावाखाली एक बारीक पट्टी असते, आवाजाबरोबर हलणारी. ती मस्त नाचत होती. मुलाखतकाराचा प्रश्न आला की एकदम उंच उडायची, कारण तो माइकच्या जवळ बसला असावा. उत्तर देणाऱ्या बाई हळू बोलायच्या, तेव्हा ती निम्म्यावर थरथरायची. मध्येच सपाट व्हायची, म्हणजे बाई विचार करत होत्या. दोन माणसांचं बोलणं मला डोळ्यांना दिसत होतं आणि कानाला एक शब्द येत नव्हता. मी ते दोनेक मिनिटं नुसतं बघत बसले. मग भाच्याला फोन लावला.

“मावशी, यूएसबीवाला हेडफोन आहे ना तुझ्याकडे? तो लाव. त्याच्यातच त्याचं साउंड कार्ड असतं, लगेच चालेल.”

“लावते. पण लॅपटॉपचा आवाज का येत नाही?”

“ते नंतर बघ ना. आधी काम कर.”

पोराचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. यूएसबी हेडफोन लावला, क्षणात आवाज आला, त्या रात्री चाळीस मिनिटांचं शब्दांकन झालं. पण मला चैन पडेना. छापलेल्या पानात एखादी चूक आहे हे माहीत असावं आणि ती सापडू नये, तसं काहीतरी. रात्री साडेदहाला हेडफोन काढून ठेवला आणि बसले.

नाचणाऱ्या पट्टीतून एक गोष्ट कळत होती. लिनक्समध्ये आवाज एका हातातून दुसऱ्या हातात जात खाली उतरतो. वर व्हीएलसीसारखा प्रोग्राम. त्याच्याखाली साउंड सर्व्हर: चार प्रोग्रामचे आवाज एकत्र करायचे, कुणाचा कमी कुणाचा जास्त ठेवायचा, कुठल्या उपकरणाकडे पाठवायचं ते ठरवायचं, ही त्याची कामं. त्याखाली अल्सा, म्हणजे कर्नलमधले (लिनक्सच्या गाभ्यातले) उपकरणं चालवणारे ड्रायव्हर आणि त्यांच्याशी बोलण्याची पद्धत. आणि सगळ्यात खाली लॅपटॉपवरची खरी चिप. पट्टी साउंड सर्व्हरची. ती हलते म्हणजे तिथपर्यंत आवाज पोचला. घोळ त्याच्या खाली.

हे मला तेव्हा इतकं सुटसुटीत माहीत होतं असं अजिबात नाही. तीन रात्री वाचून वाचून जमलं. आणि वाचतानाच कळलं की या विषयावर मिळणारे सल्ले एकमेकांशी का भांडतात. ते तीन वेगवेगळ्या काळांतले आहेत. अल्साचं काम यारोस्लाव किसेलाने १९९८ मध्ये सुरू केलं, आणि २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ कर्नलपासून तीच मुख्य पद्धत झाली. तेव्हाचे सल्ले थेट अल्साच्या फायली बदलायला सांगतात. लेनार्ट पोटरिंगचं पल्सऑडिओ, म्हणजे वर सांगितलेला साउंड सर्व्हर, २००४ मध्ये सुरू झालं. फेडोरा आणि उबंटू ही मिंटसारखीच लिनक्सची रूपं; २००७ च्या फेडोरा ८ ने आणि २००८ च्या उबंटू ८.०४ ने ते घेतलं, आणि पुढची कित्येक वर्षं ‘आवाज येत नाही’ या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर ‘पल्सऑडिओ काढून टाका’ असं होतं. त्यानंतर विम टायमन्सचं पाइपवायर आलं, त्याच जागेवरचा नवा साउंड सर्व्हर. ते २०२१ मध्ये फेडोरा ३४ ने आवाजासाठी स्वीकारलं, आणि मिंट २२ मध्येही तेच आहे. गंमत म्हणजे माझ्यासमोरच्या खिडकीवर नाव पल्सऑडिओचं होतं आणि आत काम करत होतं पाइपवायर. जुन्या दुकानाची पाटी तशीच ठेवून मालक बदलावा, तसं. पाइपवायर पल्सऑडिओची भाषा बोलतं, त्यामुळे जुन्या खिडक्या जशाच्या तशा चालतात.

पहिल्या रात्री अल्सामिक्सर उघडला. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘अल्सामिक्सर’ लिहून एंटर दाबलं की काळ्या पडद्यावर उभे खांब येतात. सुरुवातीला एकच खांब दिसला, कारण तो साउंड सर्व्हरचा चेहरा दाखवतो. एफ६ दाबून खरं कार्ड निवडावं लागतं. निवडल्यावर खांबांची रांग लागली: मास्टर, हेडफोन, स्पीकर, माइक. प्रत्येक खांबाच्या पायाशी दोन अक्षरांचं घर. तिथे दोन शून्यं असली तर वाट मोकळी, दोन एम असले तर म्यूट. मास्टरखाली शून्यं. हेडफोनखाली शून्यं. स्पीकरखाली एमएम, आणि खांबही तळाला गेलेला.

सापडला चोर! एमचं बटण दाबलं, शून्यं आली, बाणाने खांब वर नेला. प्ले.

शांतता.

बरं, असेल काही, म्हणून लॅपटॉप बंद करून चालू केला आणि पुन्हा अल्सामिक्सरमध्ये गेले. स्पीकरखाली परत एमएम. मी मोकळं केलेलं कुणीतरी मागून येऊन पुन्हा बंद करत होतं. माझ्या दुरुस्त्या अंतिम प्रुफात गायब झालेल्या मी पुष्कळदा पाहिल्या आहेत, त्यामुळे हा अनुभव नवीन नव्हता, संताप मात्र तितकाच आला.

दुसरी रात्र वाया गेली, आणि बरीचशी माझ्याच करणीने. ‘एप्ले -एल’ ही आज्ञा दिली की मशीनमधली साउंड कार्डं दिसतात. माझ्याकडे दोन निघाली. शून्य क्रमांकाचं एचडीएमआय, म्हणजे टीव्ही किंवा मॉनिटरकडे जाणारा आवाज, आणि एक क्रमांकाचं आतलं, स्पीकर-हेडफोनचं. इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेल पिढीपासून एचडीएमआयचा आवाज ग्राफिक्सबरोबर वेगळ्या कंट्रोलरवर गेला आणि पुष्कळ लॅपटॉपवर तोच पहिला नंबर पटकावून बसला. म्हणून त्या काळात अनेकांचा आवाज खरोखरच न जोडलेल्या टीव्हीकडे जात असे. उपायही ठरलेला: आपल्या घरच्या फोल्डरमध्ये ‘एसाउंडआरसी’ नावाची लपलेली फाइल करायची आणि तिच्यात लिहायचं की कार्ड एक हेच मुख्य. मी लिहिलं. मग ‘स्पीकर-टेस्ट’ चालवली. ही आज्ञा ‘-सी २ -टी वेव’ जोडून दिली की आळीपाळीने ‘फ्रंट लेफ्ट’, ‘फ्रंट राइट’ असं बोलून दाखवते. ती काहीच बोलली नाही. उलट उत्तर आलं की उपकरण व्यस्त आहे. अर्थात! मागे व्हीएलसी चालू होतं, पाइपवायरने कार्ड धरून ठेवलेलं होतं, आणि माझ्या त्या फाइलमुळे स्पीकर-टेस्ट पाइपवायरला वळसा घालून थेट कार्डाकडे गेली होती. आधी एक बिघाड होता, आता दोन झाले. मुळात पाइपवायर कार्डाचा क्रमांक बघून निवड करत नाहीच, त्यामुळे या फाइलची मला गरजच नव्हती.

मग ड्रायव्हरला मॉडेल सांगण्याचा सल्ला. आजचे बहुतेक जुने लॅपटॉप इंटेलच्या २००४ च्या एचडी ऑडिओ या मानकावर चालतात. त्याआधीचं एसी ९७, ते १९९७ चं. एचडी ऑडिओत कंट्रोलर एक आणि प्रत्यक्ष आवाज घडवणारी चिप, म्हणजे कोडेक, निराळी. माझ्या लॅपटॉपमध्ये रिअलटेकची एएलसी मालिकेतली आहे. कोडेकला बरीच टोकं असतात आणि कुठल्या टोकाला काय जोडलंय हे लॅपटॉप बनवणारा ठरवतो. ही माहिती बायोसने, म्हणजे लॅपटॉप चालू होताना सगळ्यात आधी जागं होणाऱ्या प्रोग्रामने, नीट द्यायची असते. पुष्कळ बायोस ती अर्धवट देतात किंवा चुकीची देतात. म्हणून कर्नलमध्ये अशा लॅपटॉपांची यादीच बाळगलेली आहे: हा अमुक असेल तर तमुक टोक असं धर. मी वापरत होते त्या ६.८ कर्नलमधली रिअलटेकची फाइल दहा हजार ओळींच्या वर आहे. मी ती सहज चाळली. शुद्धिपत्र आहे ते एक. जगभरच्या लॅपटॉपांनी केलेल्या चुका कुणीतरी वर्षानुवर्षं एकेक ओळ करून दुरुस्त करत आलंय. मला ते पाहून अगदी भरून आलं. हे फक्त मुद्रितशोधकालाच होत असेल.

तर, आपला लॅपटॉप त्या यादीत नसेल तर ‘मॉडप्रोब.डी’ या ड्रायव्हरच्या सेटिंगांच्या फोल्डरमध्ये एक ओळ लिहून ड्रायव्हरला मॉडेलचं नाव सांगता येतं. मी कुणा दुसऱ्याच्या, दुसऱ्याच लॅपटॉपसाठी दिलेली ओळ आपल्याकडे उतरवली. परिणाम शून्य. निदान मला तसं वाटलं. आतला माइक त्यामुळे मेला होता हे पुढच्या आठवड्यात एका कॉलवर कळलं.

आणि शेवटचा, सगळ्यात लाडका सल्ला: आवाजाचं सगळं काढून टाका आणि नव्याने टाका. आज्ञा चिकटवली. ‘ही पॅकेजं काढली जातील’ म्हणून यादी आली, आणि खाली हो की नाही. इथे मात्र सवय कामाला आली, यादी वाचली. पाचव्या-सहाव्या नावापासून आवाजाशी काडीचा संबंध नसलेली मंडळी सुरू झाली. डेस्कटॉपचे तुकडेच त्यात होते. होचं बटण दाबलं असतं तर सकाळी आवाज नसलेला लॅपटॉपही उरला नसता. नाही म्हणून बाहेर पडले आणि झोपले.

तिसऱ्या दिवशी काम आटोपून शांतपणे एक वही घेतली. तोवर काय काय बदललं ते लिहिलं, एकेक मागे घेतलं. एसाउंडआरसी पुसली. (मॉडेलची ओळ लिहायची राहिली, म्हणून माइक.) मग पहिल्यापासून सुरुवात. व्हॉल्यूम कंट्रोलची खिडकी उघडली, पट्टी पूर्वीसारखीच नाचत होती. ‘आउटपुट डिव्हायसेस’ या पानावर गेले. तिथे कार्डाच्या नावाखाली ‘पोर्ट’ असं लिहून एक चौकट असते, आणि चौकटीत लिहिलेलं होतं:

हेडफोन्स, प्लग्ड इन.

हे पान मी पहिल्या रात्री पाहिलं होतं. दुसऱ्या रात्रीही. एकूण दहा-बारा वेळा तरी माझे डोळे त्यावरून गेले असतील. आणि दर वेळी मी ‘स्पीकर्स’ असं वाचलं असणार, कारण माझ्या मनात तिथे स्पीकर्स होते. प्रुफात नेमकं हेच होतं. मथळ्यातली चूक सुटते, कारण मथळा कुणी वाचत नाही, ओळखतो. नवीन मुलांना हे मी गेली कित्येक वर्षं सांगत आलेय.

लॅपटॉपला हेडफोन लावलेला नव्हता. उजव्या कडेचं ते साडेतीन मिलिमीटरचं भोक रिकामं होतं, मी बोट लावून पाहिलं. पण लॅपटॉप ठामपणे म्हणत होता, लावलाय.

मग सगळ्याचीच संगती लागली. पाइपवायरला वाटतंय हेडफोन आहे, म्हणून तो दर वेळी हेडफोनचा मार्ग निवडतो आणि त्या मार्गाच्या नियमाप्रमाणे स्पीकरचा खांब खाली पाडून एमएम करतो. स्पीकर पुन्हापुन्हा बंद करणारं ‘कुणीतरी’ हेच. आणि मी हाताने शून्यं आणली तरी आवाज येत नव्हता, कारण त्याच्याखाली आणखी एक पहारेकरी होता, ड्रायव्हरमध्येच. अल्सामिक्सरच्या रांगेत उजव्या बाणाने पार टोकाला गेलं की ‘ऑटो-म्यूट मोड’ नावाचं एक बिनखांबाचं घर लागतं. हेडफोन लागला की स्पीकर आपोआप बंद, हे त्याचं काम. तिथे ‘एनेबल्ड’ होतं. खाली बाण दाबून ‘डिसेबल्ड’ केलं, स्पीकरला शून्यं दिली, खांब वर नेला.

आणि मुलाखतकार जोरात म्हणाला, “...पण तेव्हा तुमचं वय काय असेल?” रात्री पावणेबाराला. व्हीएलसी सव्वाशेवर होतं, मी विसरलेच होते.

हा इलाज कच्चा होता हे मला कळत होतं. लॅपटॉप चालू-बंद केला की पाइपवायर पुन्हा हेडफोनचा मार्ग धरणार आणि स्पीकरला एमएम लावणार. त्याची चूक नाही, खालून त्याला तीच बातमी येतेय. बातमी देणारा कोण, ते पाहायला हवं. त्यासाठी ‘अल्सा-टूल्स’ या संचात ‘एचडीएजॅकसेन्सटेस्ट’ नावाचं छोटंसं हत्यार मिळतं. सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवलं की कोडेकचं कुठलं टोक काय म्हणतंय ते सांगतं. हेडफोनच्या टोकासमोर लिहून आलं: प्रेझेंट, यस.

भोकात टॉर्च मारला. आत काय दिसणार! एक चकाकणारी कड आणि काळोख. पण आत काय असतं ते वाचून ठेवलं होतं. पितळेसारखी बारीक लवचीक पाती असतात. त्यांतलं एक दुसऱ्याला टेकून बसलेलं असतं. हेडफोनची पिन आत शिरली की ती पात्याला बाजूला सारते, दोघांचा स्पर्श सुटतो, आणि कोडेकला कळतं की पाहुणा आला. काही जॅकमध्ये उलट असतं, पिन आल्यावर स्पर्श जुळतो. पहिल्या प्रकारात त्या दोन पात्यांच्या मध्ये धूळ बसली, गंज धरला, किंवा पातंच वाकून राहिलं, तर स्पर्श कायमचा सुटलेला. पाहुणा गेला तरी दार उघडंच.

एक जुना हेडफोन घेतला आणि पिन आत-बाहेर करायला लागले. पाच वेळा घालायची-काढायची, मग टर्मिनलमध्ये वरचा बाण आणि एंटर. यस. पुन्हा पाच वेळा. यस. पिन आत ठेवून थोडी फिरवली, काढली. यस. चौथ्या खेपेला, एंटर दाबल्यावर:

प्रेझेंट, नो.

त्याच क्षणी खिडकीतली पोर्टची चौकट आपोआप ‘स्पीकर्स’ झाली. मी कशालाही हात लावला नव्हता. अल्सामिक्सरमध्ये एमएम गेला, खांब वर चढला. तीन रात्री मी जे हाताने करत होते ते सगळं एका इवल्याशा पात्याने जागेवर बसून करून टाकलं.

सकाळी पुन्हा यस.

बॅटरी काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या बारीक काडीने साफ करून पाहिलं. दोन दिवस नो राहिलं, मग परत यस. पात्यातला जोर संपला असावा. जॅक बदलायचा तर बोर्ड बाहेर काढून सोल्डरिंग, आणि एवढ्यासाठी मी हा लॅपटॉप उघडणार नव्हते. बिजागरीला हात लावला की प्लॅस्टिक कुरकुरतं.

तेव्हा मग कोडेकलाच सांगून टाकलं की हेडफोनचं टोक तुला नाहीच. त्याच संचात ‘एचडीएजॅकरीटास्क’ आहे. खिडकी उघडते, वर कोडेक निवडायचा, खाली टोकांची यादी येते. हेडफोनच्या टोकासमोर ‘ओव्हरराइड’वर टिक, आणि यादीतून ‘नॉट कनेक्टेड’. ‘अप्लाय नाउ’ दाबलं तर माझ्याकडे ते जमलं नाही, कारण कार्ड पाइपवायरच्या हातात होतं. ‘इन्स्टॉल बूट ओव्हरराइड’ दाबून लॅपटॉप पुन्हा चालू केला. ते हत्यार एक फर्मवेअरची फाइल आणि मॉडप्रोब.डीमध्ये एक छोटी फाइल ठेवतं, बूट होताना ड्रायव्हर बायोसऐवजी तीच माहिती धरतो. मागे घ्यायचं झालं तर ‘रिमूव्ह बूट ओव्हरराइड’ आहे. आता पोर्टच्या चौकटीत एकच नाव: स्पीकर्स. ऑटो-म्यूटला म्यूट करायला कारणच उरलं नाही. (मॉडप्रोब.डीमध्ये ही नवी फाइल बघायला गेले तेव्हा शेजारी माझी ती उसनी मॉडेलची ओळ दिसली. ती पुसली, माइकही परत आला.)

वाटलं संपलं. पण स्पीकरवर काम सुरू केल्यावर एक वेगळंच लक्षात आलं. रेकॉर्डिंग थांबवून दोन वाक्यं टाइप करायची, पुन्हा प्ले दाबायचं, की स्पीकरमधून ‘टक्’ असा आवाज आणि पहिलं अक्षर गायब. गाणी ऐकणाऱ्याला याचं काही नाही. मला आहे. बाई म्हणाल्या “अमान्य केलं आम्ही ते” आणि मला ऐकू आलं “मान्य केलं आम्ही ते”. मी तसंच टाइपही केलं. पुढच्या वाक्याशी अर्थ जुळेना म्हणून मागे गेले, म्हणून वाचले. मराठीत एक ‘अ’ किंवा एक ‘ना’ गेला तर माणूस सरळ उलटं बोलतो.

कारण वीज वाचवणं. आवाज थांबला की ड्रायव्हर थोड्या वेळाने कोडेकला झोपवतो, आणि पुन्हा आवाज आला की तो जागा होईपर्यंत पहिला तुकडा वाया जातो. किती सेकंदांनी झोपवायचं ते ‘एसएनडी एचडीए इंटेल’ या ड्रायव्हरच्या ‘पॉवर सेव्ह’ या आकड्यात असतं. माझ्याकडे १ होता. म्हणजे मी दोन वाक्यं टाइप करेपर्यंत ते झोपलेलं असायचं. मॉडप्रोब.डीमध्ये पॉवर सेव्ह बरोबर शून्य अशी ओळ लिहिली, शून्य म्हणजे झोपायचंच नाही. वर पाइपवायरचा व्यवस्थापक वायरप्लंबर हाही पाच सेकंद शांतता झाली की कार्ड सोडून देतो, तेही बदलता येतं, पण माझं पहिल्या ओळीवर भागलं. बॅटरी थोडी जास्त खर्च होत असेल. या बॅटरीचं तसंही काय राहिलंय!

मुलाखत शुक्रवारी गेली. ‘अमान्य’ जागेवर होतं. नवा स्क्रीन बसून नेहमीचा लॅपटॉपही आला, पण शब्दांकन मी अजून या जुन्यावरच करते. त्याचे स्पीकर पातळ आहेत, आणि पातळ आवाजात व्यंजनं जास्त स्पष्ट कळतात असं माझं मत झालंय. भाचा म्हणतो हे मत मी तीन रात्री फुकट जाऊ नयेत म्हणून बनवलंय.

गेल्या रविवारी तो आला होता. माझ्या टेबलावर बसून त्याला काहीतरी ऐकायचं होतं, मला त्रास नको म्हणून त्याने आपला वायरचा हेडफोन काढला आणि उजव्या कडेच्या भोकात घातला. कानांवर चढवला, प्ले दाबलं. आवाज आला तो सगळ्या खोलीभर, स्पीकरमधून. त्याने पिन काढून परत घातली. जोराने दाबून पाहिली. मग वाकून टॉर्च मारला.

“मावशी, तुझ्या लॅपटॉपला हेडफोन कळत नाहीये.”

“असं?” मी म्हटलं. “बघ की जरा.”

त्याने टर्मिनल उघडलं. मी माझं प्रूफ पुढे ओढलं. दहा मिनिटं मी त्याला काहीही सांगितलं नाही.